एक पेनीचे वृत्तपत्र आणि आठ टनांची घंटा

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या नव्या टाऊन हॉलचे उद्घाटन १३ सप्टेंबर १८७७ रोजी झाले. नऊ वर्षे बांधकाम चालले होते. उत्तर इंग्लंडच्या धुराने काळवंडलेल्या आभाळात २८० फूट उंचीचा मनोरा उभा राहिला होता. अशा इमारतीचे दार राणीच्याच हस्ते उघडावे, ही शहराची इच्छा होती आणि त्याप्रमाणे निमंत्रणही गेले होते. महाराणी व्हिक्टोरिया मात्र आल्या नाहीत. अखेर शहराच्या महापौरांनीच आपल्या इमारतीचे उद्घाटन केले. हे महापौर म्हणजे ६७ वर्षांचे एबल हेवूड. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांना चार महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी एक पेनी किमतीचे वृत्तपत्र विकले होते.

मुंबईकरांना टाऊन हॉल म्हटले की एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या आणि ग्रंथालय आठवते. इंग्लंडमधील औद्योगिक शहरांत या शब्दाला वेगळे वजन आहे. तेथे टाऊन हॉल म्हणजे महापालिकेचे मुख्यालय आणि महापौरांचे दालन. मोठ्या समारंभांचे सभागृहही तेच. एकोणिसाव्या शतकात लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर अशा शहरांत अधिक भव्य टाऊन हॉल कोण बांधतो याची जणू चढाओढच लागली होती. वडिलोपार्जित जमीनजुमला नसलेल्या, पण गिरण्या आणि वखारींच्या जोरावर श्रीमंत झालेल्या या शहरांना आपले मोठेपण दगडात कोरून ठेवायचे होते. मँचेस्टरच्या इमारतीला हे मोठेपण मिळवून देण्यात ज्यांचा वाटा होता, त्या हेवूड यांचे आयुष्य मात्र दारिद्र्यात सुरू झाले होते.

मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविच या गावी फेब्रुवारी १८१० मध्ये एबल यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असतानाच वडील वारले आणि कुटुंब मँचेस्टरला आले. चर्चच्या शाळेत जुजबी लिहिणे-वाचणे झाले आणि नवव्या वर्षी ते एका वखारीत कामाला लागले. मजुरी होती आठवड्याला दीड शिलिंग, म्हणजे १८ पेन्स. त्या काळी इंग्लंडमध्ये एका वृत्तपत्राच्या अंकाला साधारण सात पेन्स पडत. म्हणजे या मुलाने अन्नपाणी सोडून सारी मजुरी वृत्तपत्रावर उधळली असती, तरी त्याच्या हाती आठवड्याला दोनच अंक पडले असते.

ज्या वर्षी एबल यांनी नववे वर्ष पुरे केले, ते १८१९ हे वर्ष मँचेस्टर कधी विसरलेले नाही. लाखोंच्या घरात पोहोचू पाहणाऱ्या या गिरणगावाला तेव्हा संसदेत एकही प्रतिनिधी नव्हता. मतदानाचा हक्क मागण्यासाठी १६ ऑगस्टला सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर हजारो कामगार बायकामुलांसह जमले आणि त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले. किमान १५ जणांचा बळी गेला, शेकडो जखमी झाले. वॉटर्लूच्या विजयाला चार वर्षेच झाली होती. लोकांनी उपहासाने या हत्याकांडाला पीटरलू असे नाव दिले. सरकारने त्यातून घेतलेला धडा मात्र उफराटा होता. त्याच वर्षअखेर संमत झालेल्या सहा कायद्यांपैकी एकाने स्वस्त राजकीय पत्रकांवरही चार पेन्सचा मुद्रांक कर लादला. या कराचा खरा हेतू महसूल नव्हता. ज्याच्या खिशात सात पेन्स नाहीत, त्याने राज्यकारभाराची चर्चा करू नये, असा त्याचा सरळ अर्थ होता.

वखारीतील काम सांभाळून हेवूड मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट या कामगारांच्या शिक्षणसंस्थेत शिकत राहिले. विशीत असताना मालकाने रागाच्या भरात त्यांना तडकाफडकी कामावरून काढून टाकले. त्या संतापी मालकाचे मँचेस्टरने आभारच मानायला हवेत. बेकार झालेल्या हेवूड यांनी वाचनालय काढले. एक पेनी द्यावी आणि बसून वृत्तपत्रे वाचावीत, अशी तेथली साधी व्यवस्था होती. पाठोपाठ १८३१ मध्ये लंडनच्या ‘पुअर मॅन्स गार्डियन’ या साप्ताहिकाची मँचेस्टरची एजन्सी त्यांनी घेतली.

हेन्री हेदरिंग्टन यांचे हे पत्र मुद्रांक न लावता, उघडउघड कायदा मोडून निघत असे. किंमत एक पेनी. ते छापणारा गुन्हेगार, विकणारा गुन्हेगार आणि रस्त्यावर हाती धरून उभा राहणारा पोरगाही गुन्हेगार. देशभरात शेकडो विक्रेते त्यापायी तुरुंगात गेले. अंकांचे गठ्ठे इतर मालाच्या पेट्यांत लपवून गावोगाव पोहोचवले जात. हेवूड यांच्यावर १८३२ मध्ये खटला झाला. दंड भरण्यास त्यांनी नकार दिला आणि चार महिन्यांचा कारावास पत्करला. या काळात दुकान बंद पडले नाही. घरची माणसे ते चालवत राहिली आणि ज्या पत्रापायी हेवूड आत गेले होते, ते पत्र त्यांच्याच दुकानात विकले जात राहिले. पुढे १८३४ आणि १८३६ मध्ये पुन्हा दंड झाले. ते त्यांनी भरले, पण विक्री थांबवली नाही. व्यापारी म्हणून त्यांची हुशारी याच काळात दिसते. शिक्षेची जोखीम हा त्यांच्या धंद्याचा खर्चच होता.

गंमत अशी, की १८३४ मध्ये लंडनच्या एका ज्युरीने ‘पुअर मॅन्स गार्डियन’ हे कायद्याच्या व्याख्येनुसार बेकायदा वृत्तपत्रच नाही, असा निकाल दिला. तोवर त्याच्यापायी माणसे तुरुंगात जाऊन आली होती. सरकारने १८३६ मध्ये कर चार पेन्सवरून एक पेनीवर आणला, तर १८५५ मध्ये तो रद्दच झाला. दरम्यान १८५१ साली या कराचा विचार करण्यासाठी संसदेने समिती नेमली. तिच्यासमोर साक्ष द्यायला बोलावलेल्यांत हेवूड होते. मँचेस्टरमध्ये कोणते स्वस्त साप्ताहिक किती खपते, याचा आकड्यांसह तपशील त्यांनी समितीपुढे ठेवला. एकोणिसाव्या शतकातील सामान्य माणूस काय वाचत होता, याचा शोध घेणारे अभ्यासक आजही त्या साक्षीकडे वळतात.

तोवर ओल्डहॅम स्ट्रीटवरचे त्यांचे दुकान म्हणजे उत्तर इंग्लंडच्या पुस्तकव्यापाराचे एक मोठे ठाणे झाले होते. कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचे ‘नॉर्दर्न स्टार’ हे पत्र त्यांच्याकडून वितरित होई. धर्मनिंदा करणारी पुस्तिका विकल्याबद्दल १८४० मध्ये आणखी एक खटला झाला, त्यातून मात्र ते तुरुंगाविना सुटले. लँकेशायरच्या बोलीत लिहिणारे बेन ब्रायर्ली यांच्यासारखे लेखक त्यांनी प्रकाशित केले. रेल्वेने सहलीला निघणाऱ्या कामगार कुटुंबांसाठी एक पेनीच्या स्थलदर्शक पुस्तिका काढल्या. भिंतींना लावायच्या छापील कागदाच्या कारखान्यातही त्यांची भागीदारी होती. एका पेनीवर त्यांचा विश्वास असा, की तिनेच त्यांना धनवान केले.

धन आल्यावर जहालपणा सोडणारे पुष्कळ असतात. हेवूड यांनी तो सोडला नाही, पण त्याला गटारे आणि रस्ते यांच्या कामाला जुंपले. मँचेस्टरला स्वतःची निर्वाचित पालिका १८३८ मध्ये मिळाली. तिच्या आधीच्या पोलिस आयुक्तांच्या मंडळात ते होते. या मंडळाकडे तेव्हा फरसबंदी, दिवाबत्ती आणि सफाई अशी कामे असत. १८४३ मध्ये ते नगरसेवक झाले, १८५३ मध्ये आल्डरमन. फरसबंदी, सांडपाणी, रस्ते हा त्यांचा प्रांत. यावर भाषणे गाजत नाहीत. पण तळघरांत राहणाऱ्या, पटकीची धास्ती घेणाऱ्या शहरात या कामाची किंमत काय होती, हे सांगायला नको. संसदेच्या निवडणुकीला ते १८५९ आणि १८६५ मध्ये उभे राहिले व दोन्ही वेळा पडले.

नोव्हेंबर १८६२ मध्ये ते प्रथम महापौर झाले, तेव्हा मँचेस्टरवर कधी नव्हे असे संकट होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची उत्तरेने नाकेबंदी केली होती आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. त्या हिवाळ्यात सुमारे पाच लाख लोक मदतीच्या भाकरीवर जगत होते. नाकेबंदी मोडून कापूस आणावा, असा आग्रह अनेक व्यापारी धरत होते. अशा वेळी ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री शहरातील फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची प्रचंड सभा भरली. दुसऱ्या दिवसापासून अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा अमलात येणार होती. सभेने उपाशीपोटी लिंकन यांना पाठिंबा जाहीर केला. अध्यक्षस्थानी महापौर हेवूड होते. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी मँचेस्टरच्या कामगारांना उद्देशून उत्तर धाडले. त्यांच्या त्यागाबद्दलची कृतज्ञता त्यात होती. फ्री ट्रेड हॉल ज्या जागेवर उभा आहे, ते सेंट पीटर्स फील्डच. जेथे १८१९ मध्ये जमाव तुडवला गेला, तेथेच त्या वर्षी वखारीत कामाला लागलेला मुलगा महापौर म्हणून सभेचे अध्यक्षपद भूषवत होता.

या दुष्काळाची दुसरी बाजू मुंबईने पाहिली. अमेरिकेचा कापूस थांबला तशी हिंदुस्थानच्या कापसाला मागणी आली आणि मुंबईच्या बाजारात अमाप पैसा वाहू लागला. आखूड धाग्याच्या या कापसाला लँकेशायरचे कामगार सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि तो मागावर सारखा तुटतो म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडत. मुंबईत त्याच्यावर धनाढ्य झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी देणगी दिली. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८६९ ते १८७८ या काळात उभा राहिला. त्याची उंचीही २८० फूट. कापसाच्या पैशाने एकाच दशकात, एकाच गॉथिक शैलीत, एकाच उंचीचे दोन घड्याळी मनोरे उभे राहिले, एक मँचेस्टरला आणि एक मुंबईला.

मँचेस्टरचा जुना टाऊन हॉल किंग स्ट्रीटवर होता. फ्रान्सिस गुडविन यांनी ग्रीक देवळाच्या धर्तीवर बांधलेली ही देखणी इमारत १८२० च्या दशकातली. वाढत्या कारभाराला ती अपुरी पडू लागली होती. नव्या इमारतीचा विचार १८६३ मध्ये, हेवूड यांच्याच महापौरपदाच्या काळात सुरू झाला. पुढे सर्वांत मोठी अडचण ठरली ती जागा. अल्बर्ट स्क्वेअरलगतचा भूखंड चक्क त्रिकोणी होता. १८६७ मध्ये वास्तुविशारदांची स्पर्धा जाहीर झाली, १३७ प्रस्ताव आले. अंतिम फेरीत आल्फ्रेड वॉटरहाउस यांचा आराखडा बाह्यसौंदर्यात चौथा ठरला. मात्र अंतर्गत मांडणी, उजेड आणि हवा यांत त्यांच्या जवळपास कोणी नव्हते. शहराने चौथ्या क्रमांकाच्या देखणेपणावर समाधान मानून त्यांना काम दिले. हा निर्णय व्यापाऱ्यांच्या शहराला शोभणाराच होता.

लिव्हरपूलच्या क्वेकर कुटुंबात १८३० मध्ये जन्मलेल्या वॉटरहाउस यांनी त्रिकोणाची अडचण हीच सोय बनवली. कडेने कचेऱ्यांच्या तीन रांगा, आतून त्यांना जोडणारे लांबलचक वळणदार मार्ग, मध्ये मोठे सभागृह आणि त्याच्या भोवती उजेडासाठी मोकळे चौक, अशी त्यांनी रचना केली. कोपऱ्यांत चक्राकार जिने आले. या जिन्यांचे मधले खांब पोकळ आहेत. खिडक्यांखालच्या नक्षीदार झरोक्यांतून बाहेरची हवा आत यायची, गरम पाण्याच्या नळ्यांवरून जाताना ऊबदार व्हायची आणि या पोकळ खांबांतून मजल्यामजल्यावरच्या मार्गांत पसरायची. दिव्यांच्या गॅसच्या नळ्या जिन्याच्या कठड्याखाली दडवलेल्या होत्या. मध्ययुगीन मठासारख्या दिसणाऱ्या या वास्तूच्या पोटात लोखंडी तुळया आणि काँक्रीट आहे; आग लागू नये, ही गिरणगावाची जुनी काळजी त्यामागे होती. सुमारे एक कोटी ४० लाख विटा लागल्या. बाहेरून स्पिंकवेल जातीच्या वालुकाश्माचे आवरण चढवले, कारण शहराची काजळी या दगडाला त्यातल्या त्यात कमी बाधेल, असा हिशेब होता. पायाभरणी २६ ऑक्टोबर १८६८ रोजी झाली.

सजावटीत शहराने स्वतःचा धंदा लपवला नाही. सभागृहाबाहेरच्या फरशीवर मोझेकमध्ये मधमाश्या आहेत. उद्योगी मँचेस्टरचे हे बोधचिन्ह. त्यांच्या सोबतीला कापसाच्या पांढऱ्या रेषा. मनोऱ्याच्या शिखरावरचा सोनेरी गोळा म्हणजे उमलण्याच्या बेतातले कापसाचे बोंड, असे मानतात. सभागृहाच्या छतावर मँचेस्टर ज्यांच्याशी व्यापार करी, त्या देशांची आणि शहरांची मानचिन्हे आहेत. भिंतींवर पुढे फोर्ड मॅडॉक्स ब्राउन यांनी शहराच्या इतिहासाची १२ चित्रे काढली. १८७९ पासून १८९३ पर्यंत त्यांचे हे काम चालू होते. रोमन किल्ल्यापासून रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांच्यापर्यंत अनेक प्रसंग त्यांत आले आहेत. पीटरलू मात्र नाही. ते मैदान टाऊन हॉलपासून चालत काही मिनिटांवर होते.

आल्डरमन म्हणून हेवूड या कामाच्या पाठीशी अखेरपर्यंत उभे होते. इमारत पूर्ण होत आली तेव्हा, नोव्हेंबर १८७६ मध्ये, त्यांना दुसऱ्यांदा महापौरपद मिळाले. राणीच्या न येण्याची चर्चा नंतर पुष्कळ झाली. महापौरांचा तुरुंगवासाचा आणि चार्टिस्ट पूर्वेतिहास दरबाराला खटकला असावा, असे एक मत. दुसरे मत हेवूड यांच्या घरापर्यंत पोहोचते. त्यांच्या दुसऱ्या पत्नी एलिझाबेथ या माजी महापौर थॉमस गोड्सबी यांच्या विधवा. गोड्सबी यांनी राणीचे दिवंगत पती प्रिन्स अल्बर्ट यांचा पुतळा शहराला दिला होता. ज्या चौकासमोर नवा टाऊन हॉल उभा राहिला, त्याच चौकात तो आहे. गोड्सबी यांच्या स्मृत्यर्थ एलिझाबेथ यांनी १८७५ मध्ये शहराला आणखी एक पुतळा भेट दिला. शिल्पकार तेच, मॅथ्यू नोबल. पुतळा होता ऑलिव्हर क्रॉमवेल यांचा. ज्यांनी इंग्लंडच्या राजाच्या शिरच्छेदाच्या हुकुमावर सही केली, त्यांचा पुतळा चौकात उभारणाऱ्या शहरात, तो देणाऱ्या बाईंच्या यजमानांच्या शेजारी बसण्याची राणीला इच्छा नसेल, तर ते समजण्यासारखे आहे. हा पुतळा पुढे विदनशॉ पार्कमध्ये हलवण्यात आला.

राणीवाचून सोहळा अडला नाही. उद्घाटनाच्या निमित्ताने कामगार संघटनांनी आपापल्या व्यवसायाचे झेंडे आणि अवजारे घेऊन काढलेली मिरवणूक शहराच्या आठवणीत राहिली. दरबारी समारंभात या लोकांना कडेला उभे राहावे लागले असते. येथे ते मध्यभागी होते आणि त्यांचे स्वागत करणारा महापौर त्यांच्यातलाच होता.

मनोऱ्यातील घड्याळ १ जानेवारी १८७९ रोजी प्रथम वाजले. घड्याळ गिलेट आणि ब्लँड यांचे, घंटा लफबरोच्या टेलर यांच्या ओतशाळेच्या. एकंदर २३ घंटांपैकी तासाचे टोल देणारी सर्वांत मोठी घंटा आठ टनांहून अधिक वजनाची आहे. तिला ‘ग्रेट एबल’ म्हणतात आणि तिच्यावर ए आणि एच ही दोन अक्षरे आहेत. लंडनमध्ये संसदेच्या मनोऱ्यातील घंटेला बिग बेन म्हणतात, ते नाव बहुधा बांधकाम खात्याच्या मंत्र्याचे. मँचेस्टरने आपला मान पुस्तकविक्रेत्याला दिला.

हेवूड यांना १८९१ मध्ये शहराचे सन्माननीय नागरिकत्व मिळाले. ऑगस्ट १८९३ मध्ये बाउडन येथील राहत्या घरी, ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना मँचेस्टरच्या फिलिप्स पार्क दफनभूमीत पुरले. त्याच वर्षी मँचेस्टरच्या महापौरांना लॉर्ड मेयर हा किताब मिळाला. मोठ्या दुरुस्तीसाठी टाऊन हॉल जानेवारी २०१८ मध्ये बंद करण्यात आला, तेव्हा वॉटरहाउस यांच्या हवेच्या वाटा आणि पोकळ जिने नव्याने तपासले गेले.